'क्रमशः' वाचायची पुस्तकं : व्हिक्टोरियन कादंबरी सोबत्यांना वाचायला कशी द्यावी

काही वर्षांपूर्वी दिवाळीला मी माझ्या मावसबहिणीला चार्ल्स डिकन्सचं 'ब्लीक हाउस' दिलं. माझं अतिशय लाडकं पुस्तक. "सुट्टीत वाचून काढ, मग निवांत बोलू," असं बजावूनही सांगितलं. होळी आली तरी ती विषय काढेना. शेवटी तिच्या घरी गेले तेव्हा पुस्तक टीव्हीशेजारी दिसलं, खूण चौथ्या प्रकरणात. लंडनचं धुकं, वर्षानुवर्षं रखडलेला खटला, ओळीनं येणारी नवी नवी नावं, आणि पुढे आणखी त्रेसष्ट प्रकरणं. ती म्हणाली, "ताई, चांगलंच असेल गं, पण माझ्याच्यानं होत नाही."

चूक माझी होती. 'ब्लीक हाउस' पहिल्यांदा छापली गेली ती मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ या काळात, महिन्याला एक हप्ता अशी. प्रत्येक हप्ता बत्तीस पानांचा, दोन चित्रांसकट, किंमत एक शिलिंग. म्हणजे डिकन्सच्या पहिल्या वाचकांना ही कादंबरी संपवायला दीड वर्ष लागलं, आणि तीच मी बहिणीला दिवाळीच्या सुट्टीत संपवायला सांगत होते. एका हप्त्यापासून दुसऱ्या हप्त्यापर्यंतच्या महिनाभरात लोक त्या पात्रांविषयी बोलत, भांडत, पुढे काय होईल याचे तर्क करत. ते मधले दिवस कादंबरीचाच भाग होते, आणि मी तेच तिच्याकडून काढून घेतले होते.

मराठी वाचकाला हे नवं नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक' साप्ताहिकातून अशीच आठवड्या-आठवड्यानं घरांत पोहोचली. शेवटी 'क्रमशः' हा शब्द वाचून हळहळायची सवय आपल्या आजी-पणजीला होती.

गेली सहा वर्षं आम्ही सातजण ठाण्यात दर शनिवारी संध्याकाळी जमून या कादंबऱ्या वाचतो. एक निवृत्त शिक्षक काका, दोन काकू, एक बँकेत काम करणारी वहिनी, दोन कॉलेजची मुलं आणि मी. मावसबहीण दुसऱ्या वर्षी येऊन मिळाली आणि आम्ही आठ झालो. एखाद्याला आपली आवडती व्हिक्टोरियन कादंबरी मनापासून वाचायला लावायची असेल तर काय करावं, हे या शनिवारांतून जे उमगलं ते पुढे सांगते.

आधी माणूस, मग पुस्तक

"व्हिक्टोरियन कादंबरी" असा काही एकच प्रकार नाही. व्हिक्टोरिया राणी १८३७ ते १९०१ एवढी वर्षं गादीवर होती. त्या काळात भुताखेतांपासून धर्मगुरूंच्या पगारापर्यंत सगळ्यावर कादंबऱ्या निघाल्या. तेव्हा समोरचा माणूस एरवी काय वाचतो, काय पाहतो, हे आधी विचारा.

रहस्यकथांचा नाद असेल तर विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' (१८६८) द्या. हिरा नाहीसा होतो आणि घरातली एकेक व्यक्ती आपापल्या बाजूनं हकिकत लिहिते. पहिला भाग बेटरिज नावाचा म्हातारा कारभारी सांगतो. त्याचा 'रॉबिन्सन क्रूसो'वर एवढा विश्वास की अडचण आली की तो ते पुस्तक उघडून त्यातच सल्ला शोधतो. बेटरिज ज्याला आवडला नाही असा वाचक मला अजून भेटायचा आहे.

एकटीनं आपली वाट काढणाऱ्या बाईची गोष्ट ज्याला भिडते त्याला शार्लट ब्राँटीची 'जेन एअर' (१८४७). गावाकडचं, शेतीवाडीचं, ऋतूंचं वर्णन ज्याला वाचावंसं वाटतं त्याला थॉमस हार्डीची 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' (१८७४). ज्याच्याकडे वेळच नाही त्याला जॉर्ज एलियटची 'सायलस मार्नर' (१८६१), एकवीस प्रकरणं आणि छोटासा समारोप. किंवा एलिझाबेथ गॅस्केलची 'क्रॅनफर्ड', सोळा प्रकरणांची. खेड्यावजा गावातल्या, काटकसर लपवत इभ्रतीनं जगणाऱ्या प्रौढ बायकांची ती गोष्ट आमच्या दोन्ही काकूंनी दोनदा वाचली.

'मिडलमार्च' पहिल्यांदा कोणालाही देऊ नका. इंग्रजीतली ती सर्वश्रेष्ठ कादंबरी आहे असं माझं ठाम मत आहे, म्हणूनच सांगते. शहाऐंशी प्रकरणं, तीनचार कुटुंबं, आणि लेखिका मध्येच थांबून माणसाच्या मनाविषयी दोन-दोन पानं बोलते. ही वाचायला वाचक आधी या काळात रुळलेला लागतो. तिसरी किंवा चौथी म्हणून घ्या. एमिली ब्राँटीच्या 'वदरिंग हाइट्स'चं वेगळंच. ती एक तर जीव की प्राण होते नाहीतर दोन प्रकरणांत मिटली जाते, म्हणून ती मंडळ एकमेकांच्या ओळखीचं झाल्यावर घ्या.

कोणती प्रत घ्यावी

या सगळ्या कादंबऱ्या आता स्वामित्वहक्कातून मोकळ्या आहेत. प्रोजेक्ट गुटेनबर्गवरून फोनवर फुकट उतरवता येतात. कॉलेजची मुलं तशीच वाचतात. पण कागदावर वाचणार असाल तर टिपा असलेली आवृत्ती घ्या, पेंग्विन क्लासिक्स किंवा ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्स. नवी महाग वाटली तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फोर्टच्या पदपथावर जुनी प्रत मिळू शकते.

घेताना दोन गोष्टी पाहा. एक, मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर कुठे 'अब्रिज्ड' लिहिलंय का. शाळेसाठी काढलेल्या संक्षिप्त प्रतींत गोष्ट उरते आणि लेखक जातो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या आवृत्त्यांच्या सुरुवातीची प्रस्तावना सगळं रहस्य सांगून टाकते. कित्येकदा तशी सूचनाही छापलेली असते, पण आपण सवयीनं पहिल्या पानापासून वाचत सुटतो. मी पुस्तक दुसऱ्याला देताना प्रस्तावनेची पानं रबरबँडनं बांधून देते.

हप्ते पाडा

सगळ्या कामातलं हे सर्वांत महत्त्वाचं काम. त्यासाठी ही पुस्तकं तेव्हा घरात कशी यायची ते माहीत असलेलं बरं.

हप्त्यांनी न आलेली कादंबरी बहुधा तीन खंडांत निघे. तिन्हींची मिळून किंमत एकतीस शिलिंग सहा पेन्स. ही किंमत केवढी, ते जेन एअरच्याच हिशेबानं पाहू. थॉर्नफील्ड नावाच्या वाड्यात शिकवणीची नोकरी लागते तेव्हा तिचा पगार ठरतो वर्षाला तीस पौंड, म्हणजे पौंडाला वीस शिलिंग धरून महिन्याला पन्नास शिलिंग. जेननं स्वतःचीच कादंबरी विकत घ्यायची म्हटली असती तर महिन्याच्या पगारातला निम्म्याहून जास्त भाग गेला असता. त्यामुळे लोक विकत घेत नसत, मुडीज्‌सारख्या वाचनालयाची वर्गणी भरत. वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, आणि एका वेळी एक खंड. कादंबरी तीन खंडांत असली की वाचनालयाचं फावे, कारण एकच पुस्तक एकाच वेळी तीन घरांत फिरे. खंड जिथे संपे तिथे लेखकही असं काही आणून ठेवी की वाचक दुसऱ्या दिवशी पुढचा खंड आणायला धावलाच पाहिजे. ही पुस्तकं वाटून वाचण्यासाठीच त्या घडणीची झाली.

म्हणून हप्ते पाडताना मूळचे सांधे शोधा. 'जेन एअर'चा पहिला खंड पंधराव्या प्रकरणाला संपतो, दुसरा सव्विसाव्याला. आजच्या प्रतींत प्रकरणं एक ते अडतीस सलग असतात आणि हे सांधे दिसत नाहीत. आम्ही ही कादंबरी आठ आठवड्यांत वाचली ती अशी:

पहिला आठवडा, प्रकरण १ ते ४, मामीच्या घरचं बालपण.
दुसरा, ५ ते १०, लोवुडची शाळा.
तिसरा, ११ ते १५, थॉर्नफील्ड. इथे पहिला खंड संपतो.
चौथा, १६ ते २०, घरी आलेले पाहुणे.
पाचवा, २१ ते २६. दुसरा खंड इथे संपतो, आणि या आठवड्यात कोणी थांबू शकत नाही.
सहावा, २७ ते ३०.
सातवा, ३१ ते ३५.
आठवा, ३६ ते ३८.

आठवड्याला साठेक पानं, म्हणजे रोज नऊ-दहा. लोकलच्या प्रवासात होतात.

'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'ला हप्ते पाडणं आणखी सोपं. डिकन्सनं ती डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ अशी छत्तीस आठवडे स्वतःच्या साप्ताहिकात छापली आणि तिचे तीन टप्पे केले: प्रकरण १ ते १९, २० ते ३९, ४० ते ५९. आठवड्याला मूळचे तीन हप्ते घेतले तर बारा आठवडे. एकोणचाळिसावं प्रकरण मात्र कोणत्याही हिशेबात आठवड्याच्या शेवटीच यायला हवं. त्यात काय आहे ते सांगत नाही. ते वाचून झाल्यावर आमच्या वहिनीनं रात्री साडेअकराला ग्रुपवर फक्त तीन उद्गारचिन्हं टाकली होती. 'द मूनस्टोन'चे मूळ हप्ते बत्तीस. चार-चार घेतले की आठ आठवडे.

एक नियम सुरुवातीलाच सगळ्यांकडून कबूल करून घ्या: ज्याला राहवत नाही त्यानं पुढे वाचावं, पण बैठकीत त्या आठवड्याच्या प्रकरणापलीकडचं अवाक्षर काढायचं नाही.

पहिली बैठक : चर्चा नको, अभिवाचन करा

पहिल्या दिवशी लेखिकेचं चरित्र, काळाची पार्श्वभूमी, साहित्यातलं स्थान, यातलं काहीही सांगत बसू नका. मी एकदा ब्राँटी बहिणींवर वीस मिनिटं बोलले आणि दोन माणसं दुसऱ्या शनिवारी आली नाहीत. सरळ पुस्तक उघडा आणि पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचा. त्या काळी घरोघर असंच वाचलं जाई, एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी शिवण-टिपण करत ऐकायचं. डिकन्स तर १८५८ पासून तिकीट लावून आपल्या पुस्तकांचं अभिवाचन करत गावोगाव फिरला. ही वाक्यं कानासाठी रचलेली आहेत. डोळ्यांना लांबलचक वाटलेलं वाक्य आवाजात आपोआप सुटतं.

'जेन एअर'चं पहिलं प्रकरण वाचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. बाहेर थंडी, पाऊस, फिरायला जायची सोय नाही. दहा वर्षांची जेन खिडकीतल्या बैठकीवर मांडी घालून बसते आणि लाल पडदा जवळजवळ पूर्ण ओढून घेते. एका बाजूला पडद्याच्या घड्या, दुसऱ्या बाजूला काच, काचेपलीकडे नोव्हेंबरची दुपार. मांडीवर पक्ष्यांचं चित्रांचं पुस्तक. इथे थांबा, पुस्तक खाली ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: लहानपणी तुमची लपायची जागा कोणती होती?

आमच्याकडे काकांनी सांगितलं, वाड्यातला माळा, कांद्याच्या जाळ्यांमागे. एका काकूंनी सांगितलं, देवघराच्या मागची बोळ, तिथे बसून त्यांनी 'चांदोबा'चे अंक वाचले. वहिनी बराच वेळ बोलली नाही आणि मग म्हणाली, "मला जागाच नव्हती. आम्ही सहाजण एका खोलीत." त्यानंतर पुढचा परिच्छेद वाचला. त्यात जेनचा मामेभाऊ तिला पडद्याआडून बाहेर यायला लावतो, ते पुस्तक मागून घेतो आणि तिलाच फेकून मारतो, कारण या घरातली पुस्तकं त्याची आहेत आणि ती आश्रित आहे. खोलीत कोणी हललं नाही. व्हिक्टोरियन समाजरचनेवर मी तासभर बोलले असते तरी हे साधलं नसतं.

दर बैठकीला एक जागा जवळून

सहा-सात प्रकरणांवर एका संध्याकाळी बोलायचं म्हटलं की बोलणं नुसतं गोष्टीच्या सारांशावर येतं. त्यापेक्षा एकच पान निवडा आणि ते सावकाश वाचा. निवडायचं काम आळीपाळीनं प्रत्येकाला द्या.

दुसऱ्या आठवड्याला आमच्या एका काकूंनी आठव्या प्रकरणातला चहा निवडला. लोवुडच्या शाळेत सकाळी करपलेली लापशी मिळते, मुली अर्धपोटी असतात. टेंपलबाई जेन आणि तिची मैत्रीण हेलन यांना आपल्या खोलीत चहाला बोलावतात. ट्रे येतो, पण त्यावर पाव इतका थोडा की बाई आणखी मागवतात. कोठीवाली बाई नाही म्हणून सांगून पाठवते. टेंपलबाई वाद घालत नाहीत. दासी गेल्यावर कुलूप लावलेला खण उघडतात, कागदात बांधलेलं काहीतरी काढतात. मोठा थोरला केक असतो तो. त्या दोघींना देण्यासाठीच ठेवलेला होता, पण जाताना बरोबर देणार होत्या, आता पाव कमी पडला म्हणून आत्ताच कापतात.

काकू म्हणाल्या, बघा, बाईंना शाळेत मान आहे, पण पावाच्या एका तुकड्यावर त्यांचा हक्क नाही. आणि केक कुलपात ठेवायला लागतो. सगळी शाळा त्या कुलपात दिसते. मी ही कादंबरी पाचव्यांदा वाचत होते आणि ते कुलूप माझ्या नजरेला तोवर पडलं नव्हतं. तो केक शहाजिरं घातलेला असतो. पुढच्या शनिवारी काकू तसा करून घेऊन आल्या. आता दर पुस्तकात कोणीतरी एक पदार्थ शोधतंच.

एक पानाचा तक्ता

टिपा बघायला दर दोन मिनिटांनी पुस्तकाच्या मागे जाणं कंटाळवाणं होतं. मी सगळ्यांना खूण म्हणून वापरता येईल असा एक कागद देते. त्यावर एवढंच असतं.

पैसे: बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, एकवीस शिलिंगांची गिनी. आणि एक मोजपट्टी, जेनचा पगार वर्षाला तीस पौंड. कोणाला किती मिळतं, कोणाकडे किती आहे हे या कादंबऱ्यांत सतत येतं. ती मोजपट्टी हाताशी असली की प्रत्येक आकडा बोलू लागतो.

नावं: 'सेंट जॉन' हे पहिलं नाव असेल तर उच्चार 'सिंजन'. 'वदरिंग हाइट्स'साठी वंशवृक्ष काढून द्याच, कारण आईचं नाव तेच मुलीचं. आम्ही सरळ 'थोरली कॅथरीन' आणि 'धाकटी कॅथरीन' म्हणतो, आपल्याकडे थोरले-धाकटे करायची सोय आहेच. जोसेफ नावाच्या गड्याची यॉर्कशरची बोली छापील पानावर समजत नाही. मोठ्यानं वाचली की निम्मी समजते, उरलेली निम्मी सोडून द्या.

जागा: 'मूर' म्हणजे झाडं नसलेलं, खुरट्या झुडपांचं, ओलसर आणि वाऱ्याचं माळरान. कासचं पठार पाहिलेल्याला उघडेपणा कळतो, थंडी मात्र मनानं घालावी लागते.

कायदा: लग्न झालं की बाईचा पैसाअडका कायद्यानं नवऱ्याचा होई. हे बदलायला १८७० आणि १८८२ असे दोन कायदे यावे लागले. १८५७ पूर्वी पूर्ण घटस्फोट हवा तर संसदेचा स्वतंत्र कायदा लागे. या दोन ओळी माहीत नसतील तर कॉलिन्सच्याच 'द वुमन इन व्हाइट'मधल्या लग्नाच्या करारनाम्यावर वकील एवढा जीव का तोडतो ते कळतच नाही. ती पानं कंटाळवाणी वाटतात, आणि खरं तर सगळ्यात भीतिदायक तीच आहेत.

या कायद्याच्या मुद्द्यावर आमची एक बैठक रात्री नऊपर्यंत चालली. काकांनी रखमाबाईंची आठवण काढली. १८८४ साली त्यांच्यावर मुंबईच्या हायकोर्टात जो खटला गुदरला गेला तो दाम्पत्य हक्कांच्या पुनःस्थापनेचा होता, आणि ते तत्त्व इंग्लंडच्याच कायद्यातून इथे आलं होतं. १८८७ साली निकाल लागला की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. रखमाबाई नांदायला गेल्या नाहीत. पुढे लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. कॉलेजच्या मुलीला हे माहीत नव्हतं. तिनं पुढचा आठवडा कॉलिन्स बाजूला ठेवून रखमाबाईंविषयी वाचण्यात घालवला, आणि मला ते फार आवडलं.

इंग्रजीची धास्ती

आमच्यातल्या दोघींचं शिक्षण मराठी माध्यमात झालं आणि सुरुवातीला त्या नुसत्या ऐकायला येत. त्यांच्यासाठी दर आठवड्याचा हप्ता कोणीतरी एक जण मराठीतून सांगतो, सारांश म्हणून नव्हे, गोष्ट म्हणून, संवादांसकट. सांगणाऱ्याचंही वाचन त्यानं पक्कं होतं. मराठी अनुवाद मिळाला तर जरूर घ्या, फक्त पूर्ण आहे की संक्षिप्त ते पाहून. लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेली ध्वनिपुस्तकं फुकट आहेत. समोर पुस्तक धरून ऐकलं की अवघड वाक्याची लय सापडते. त्या दोघींपैकी एक आता पुढे बसून वाचते. तिला लागलेली तीन वर्षं वाया गेली असं तिला किंवा आम्हाला वाटत नाही.

शब्दकोश मात्र पहिल्या वाचनात मिटूनच ठेवा. एका पानावरचे चार शब्द अडले तरी गोष्ट अडत नाही.

मध्ये ओढ कमी होते तेव्हा

प्रत्येक मोठ्या कादंबरीत अशी एक जागा येते. 'जेन एअर'मध्ये ती सहाव्या-सातव्या आठवड्यात, थॉर्नफील्ड मागे पडल्यावर. लोक म्हणतात, आता हे नवं घर, नवी माणसं कशाला? तेव्हा "पुढे छान आहे" असं म्हणून ढकलू नका. त्या आठवड्याचा हप्ता अर्धा करा, अठ्ठाविसावं प्रकरण एकत्र वाचा. खिशात एक पैसा नसलेली जेन एका मुलीकडे डुकरासाठी टाकायची गार लापशी मागते. सुशिक्षित, शिकवून पोट भरणारी बाई दोन दिवसांत भिकेला लागते, आणि दारं एकामागून एक बंद होतात. एवढं वाचलं की ती नवी माणसं कशाला आली ते सांगावं लागत नाही.

कोणी मागे पडलं तर त्याला दोन आठवड्यांची सूट द्या. मंडळातून कोणालाही "वाचलं नाहीस तर येऊ नकोस" म्हणू नका.

सिनेमा, मालिका

आधी नको. पडद्यावरचा चेहरा एकदा मनात बसला की पुस्तकातला चेहरा परत येत नाही. कादंबरी संपल्यावर मात्र एक संध्याकाळ ठेवा आणि काय गाळलं, ते का गाळलं असेल, यावर बोला.

खुपणाऱ्या गोष्टी टाळू नका

ही पुस्तकं साम्राज्याच्या काळातली आहेत आणि त्यात आपण आहोत. 'द मूनस्टोन' सुरू होते ती १७९९ साली श्रीरंगपट्टणमच्या लुटीत. सोमनाथच्या चंद्रदेवाच्या मूर्तीच्या कपाळावरचा हिरा, तो राखणारे तीन ब्राह्मण, आणि रक्तानं माखलेला खंजीर हातात घेतलेला इंग्रज अधिकारी. यानंतर अख्खी कादंबरी त्या हिऱ्याच्या चोरीचा तपास करते, पण ती चोरी म्हणजे यॉर्कशरच्या घरातली. आमच्या काकांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "मुळातली चोरी कोणती?" कॉलिन्स कधी भारतात आला नव्हता, त्याच्या ब्राह्मणांत ऐकीव माहिती आणि भीती दोन्ही आहे. तरी त्यानं तो प्रस्तावनेचा प्रसंग कादंबरीच्या तोंडाशीच ठेवला आणि हिरा कोणाचा हे वाचकाला विसरू दिलं नाही. त्याला याचं श्रेय द्यावं असं मला वाटतं. काकांना अजून पटलेलं नाही. आम्ही यावर दरवर्षी बोलतो.

'जेन एअर'मध्येही वेस्ट इंडीजहून आलेल्या एका व्यक्तीबद्दल जे लिहिलंय ते आज वाचताना टोचतं. ते पाचव्या बैठकीला मोकळेपणानं बोला. पुस्तकावर प्रेम आहे म्हणून त्याची बाजू घेत बसायची गरज नाही.

हार्डीची 'टेस' घ्याल तेव्हा त्यात अत्याचार आणि तान्ह्या बाळाचा मृत्यू आहे हे आधी सांगा. हा भाग १८९१ साली साप्ताहिकात छापताना संपादकांनी सोसला नव्हता. हार्डीला ती प्रकरणं काढून वेगळीकडे छापावी लागली आणि पुस्तक निघालं तेव्हा परत बसवावी लागली. इतकंच काय, पाण्यानं भरलेल्या रस्त्यावरून नायक गवळणींना उचलून नेतो तिथे साप्ताहिकात त्याच्या हातात ढकलगाडी द्यावी लागली. हे सांगितलं की प्रसंग वाचताना कोणाला काय पचलं नव्हतं ते कळतं.

शेवटची बैठक

शेवटचा हप्ता घरी वाचायला देऊ नका. 'जेन एअर'चं अडतिसावं प्रकरण छोटंसं आहे, ते सगळ्यांनी मिळून वाचा. त्याचं पहिलं वाक्य इंग्रजीत चार शब्दांचं आहे आणि त्यातला पहिला शब्द 'वाचका' अशी हाक आहे. ते वाक्य कोणी वाचायचं याची चिठ्ठी टाका. आमच्याकडे ती शहाजिऱ्याचा केक करणाऱ्या काकूंच्या नावानं निघाली. त्यांनी चष्मा पुसला, ते चार शब्द वाचले, आणि मग पुस्तक माझ्या मावसबहिणीकडे देऊन म्हणाल्या, "पुढचं तू वाच, मला जरा थांबू दे."

त्यानंतर पुढच्या पुस्तकासाठी चिठ्ठ्या टाकल्या. बहिणीनं आपल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'ब्लीक हाउस, एकोणीस महिने.' ती येत्या मार्चमध्ये सुरू करतो आहोत, महिन्याला एक हप्ता.